दौलतभाऊ, गाडीचं छत घासून काढलं

दौलतभाऊ, रोज पहाटे मरायची तुला सवयच होती. शेवटच्या अंकात कधी नायकाची गोळी, कधी बहिणीचा कोयता, कधी नुसताच पश्चात्ताप. तू छातीवर हात ठेवायचास, स्टेजचा खांब पकडायचास, खाली बसेपर्यंत सगळ्यांच्या वाट्याचा वेळ खाऊन टाकायचास, आणि पडदा पडला की धूळ झटकत विचारायचास, चाय आली का नाई. म्हणून तुझ्या घरून फोन आला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, जरा थांबा, उठेल. या वेळी मात्र तू प्रवेश फारच आखूड केलास. जेवलास, हात धुतलास, खाटेवर टेकलास आणि आडवा झालास. ना खांब, ना छाती, ना एक वाक्य. तुझ्यासारख्या नटाला हे शोभलं नाही, असं मी तिथंच मोठ्यानं म्हणाले आणि रडणाऱ्या बाया रडायच्या थांबून माझ्याकडे पाहत राहिल्या.

तुझ्या गुणांचं मी काही सांगणार नाही. ते चौकातल्या बॅनरवर लिहून झालं. त्या बॅनरवर तुझा फोटो कोणता, माहीत आहे? डोळे वटारलेला, मिशीला पीळ दिलेला, हातात चाबूक. चाबूक कापायचा प्रयत्न केलेला दिसतो, पण मूठ राहून गेली. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. येणाराजाणारा दचकतो. पोरांनी घरभर साधा फोटो शोधला म्हणे, सापडला नाही. तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत सावकार, पाटील आणि डाकू झालास, माणूस म्हणून फोटो काढायला तुला सवड मिळाली नाही.

मला वेगळंच सांगायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं. होळीला सीझन संपला तेव्हापासून चाललेलं, मोटारहोमच्या छताचं. मी म्हणत होते, घासून काढू आणि नव्यानं सील करू. तू म्हणत होतास, हात लावू नोको. तू मधूनच उठून गेलास, त्यामुळे ते काम मी केलं. आणि वर चढल्यावर, भाऊ, तू मला सापडलास. आता सगळं ओळीनं सांगते. मी गोष्ट सांगताना शेवट आधी फोडते अशी तुझी तक्रार असायची.

ती गाडी तू आणलीस तेव्हा कंपनीचे मालक पोट धरून हसले होते. ताडोबाकडच्या कुण्या रिसॉर्टवाल्यानं पाहुण्यांसाठी घेतलेलं पांढरं मोटारहोम. आत झोपायच्या खाटा, छोटासा संडास, हात धुवायचं भांडं, आणि छताला हवा यायला दोन झाकणं, ज्यांना आपण झरोके म्हणू लागलो. छत फायबरचं, आणि ते गळत होतं. वाघ पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या अंगावर पाणी पडलं म्हणून त्यानं गाडी काढून टाकली आणि तू ती घेतलीस. मालक म्हणाले, दौलत, जन्मभर बाया पळवल्या, आता त्यायच्यासाठी घर आणलं काय? तू चेहरा न हलवता म्हणालास, "रोज एकीले पळवतो जी, निजू बी द्या लागते तिले."

बाहेरच्या माणसाला यातलं हसू कळेल, पण गरज कळणार नाही. आपली नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात आणि होळीपर्यंत रोज नवं गाव. जेवणं आटोपल्यावर पडदा उघडतो, पहाटे पडतो. मग झोप दिवसाउजेडी. पुरुष शाळेच्या व्हरांड्यात, देवळाच्या पायरीवर, सामानाच्या ट्रकात, कुठंही पसरतात. आम्ही बाया काय करायच्या? कुणाच्या गोठ्यात साडी बांधून आडोसा, त्या आडोशामागं कपडे बदलायचे, आणि बाहेर जायचं तर अंधार असेपर्यंत जाऊन यायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत पाणी न पिता राहायचं. नायिकेचं काम करणारी सुषमा कंपनीत नवी आली, तेव्हा एका बकरीनं तिचं गंगावन खाल्लं होतं. तुझी गाडी आली आणि आम्हाला दार मिळालं. आतून कडी असलेलं दार. मी इतक्या वर्षांत इतक्या राण्या केल्या, पण राणीसारखं त्या कडीपाशीच वाटलं.

पहिल्या वर्षी तू ते छत कसं तपासलंस ते आठवून मी आत्ताही एकटीच हसते. तुझं घर धानवाल्याचं. पाणी कुठून झिरपतं हे कळायला तुला एकच उपाय माहीत. तू शेतातल्या बोडीतला, त्या छोट्या तळ्यातला चिखल पाट्या भरभरून वर नेलास, छताच्या कडेनं बांधासारखा धुरा घातलास आणि मधे पाणी भरलंस. चकचकीत मोटारहोमच्या डोक्यावर धानाची बांधी. मला आत बसवलंस, कुठून गळते ते सांग म्हणून. मी सांगितलं की विचारू नको कुठून, कुठून नाही ते विचार. मी वरपासून खालपर्यंत चिंब. आणि तो चिखल तू आळसानं आठवडाभर वरच ठेवलास, तर त्यात हिरवे कोंब आले. गावातली म्हातारी माणसं येऊन पाहून गेली. एकानं तर विचारलं, रोवणी कवा हाय.

मग मात्र तू फायबरच्या नावा दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारून आलास आणि काम रीतसर केलंस. साबणाच्या पाण्यानं धू. उन्हानं छतावर खडूसारखी पूड सुटते, ती मऊ ब्रशनं घास. झरोक्यांभोवतीचं जुनं तडकलेलं सीलंट उचकटून काढ, जागा थिनरनं पूस, पूर्ण वाळू दे. मग नवं सीलंट सांधा बुडेल असं घाल, आणि ते धरलं की वरून पांढऱ्या कोटिंगचे दोन हात. भर उन्हात करायचं नाही, फोड येतात. पायाखाली फळी टाकायची, म्हणजे भार एका जागी पडत नाही. हे सगळं तू मला संवादासारखं पाठ म्हणून दाखवलंस. फळीचं तर दोनदा सांगितलंस. फळी लक्षात ठेव, भाऊ, तिच्याशी आपल्याला काम आहे.

त्यानंतर छत कोरडं ठणठणीत राहिलं. आणि मग ते गाव आलं, ज्याचं नाव मी इथं घेत नाही. दुपारची वेळ. आम्ही सगळ्या मेल्यासारख्या झोपलेल्या. हवेसाठी झरोका उघडा. सुषमाला जाग आली ती समोर आकाश नव्हतं म्हणून. झरोक्यातून दोन तोंडं आत पाहत होती. मागच्या शिडीनं चढून दोन पोट्टे छतावर पालथे पडले होते, किती वेळ, ते तेच जाणोत. ती किंचाळली, ते उड्या टाकून पळाले. मालकांनी शांतपणे निकाल दिला, झरोका बंद ठेवत जा. आम्ही म्हटलं, गुदमरून मरू. सुषमा दोन दिवस झोपली नाही, पिशवी भरून बसली होती, घरी जाते म्हणाली. तू दाराबाहेर उभा राहून सगळं ऐकत होतास. आत यायचं तर तू आधी खोकायचास आणि मग येतच नसायचास. त्या दिवशी तू बाहेरूनच म्हणालास, "झरोका उघडा ठेवा. आता कोणी नाई चढत."

कसं काय, ते कुणी विचारलं नाही. तू खलनायकाच्या आवाजात सांगितलंस म्हणून आम्हाला खरं वाटलं.

त्याच सुमारास वांदरं सुरू झाली. दिवसा डोळा लागला की छतावर धप्प व्हायचं. मग काहीतरी सरकल्यासारखं, मग शांत. जेवणाच्या वेळेला पुन्हा धप्प. मी झोपेतून त्या वांदरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि माझा आवाज तुला माहीत आहे, माईक लागत नाही. तुझ्याकडे तक्रार केली तर तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, मोठं लांगूर हाय, म्हातारं झालं, कळपानं हाकलून देल्लं, राहू दे बिचाऱ्याले. एकदा तर मी काठीनं आतून छत ठोकलं. वरून कण्हल्यासारखा आवाज आला. मी सगळ्यांना सांगितलं, कमरेत बसली बघा वांदराच्या.

आणि छत पुन्हा गळायला लागलं. चामोर्शीकडं अवकाळी पाऊस आला आणि पुढच्या झरोक्याच्या कडेनं थेंब थेंब थेट सुषमाच्या शालूच्या पेटीत. नायिकेनं त्या रात्री ओला शालू नेसून विरहाचं गाणं म्हटलं, फार परिणामकारक झालं, पण ताप चढला. मी तुला म्हटलं, सीलंट तडकलं असेल, वर जाऊन पाहते. तू शिडीपुढं आडवा झालास. मी पाहतो, म्हणालास. आणि पाहिलं नाहीस, नुसती एक बादली आणून दिलीस.

गेल्या सीझनला कोरपन्याकडचे प्रयोग लागले. एकाच मैदानावर मुक्काम आणि रोज आसपासच्या गावात खेळ. सिमेंटच्या कारखान्यांची धूळ तिथं हवेत असते तशी गाडीवर बसली, पहाटेचं दव तिच्यावर पडलं, दुपारच्या उन्हानं ती वाळली, आणि रोज असं होता होता छतावर करडा थर बसला. मुक्काम हलवला तरी तो हलला नाही. खालून काठी मारली तर भिंतीवर मारल्यासारखी वाजायची. मी म्हटलं, हा थर काढल्याशिवाय गत नाही, याच्याखाली सांधे तडकत असतील. आणि तू काय म्हणालास? तुझ्याच शब्दांत सांगते, कारण यापेक्षा मोठा मूर्खपणा तू स्टेजवरसुद्धा बोलला नव्हतास.

"विमल, हा फुकटचा स्लॅब हाय. लोकं पैसे देऊन टाकतेत. वर कोणी जाचं नाई."

होळीपासून मी तुझ्यामागं लागले. तू ऐकेनास. मी म्हटलं, स्लॅब गळतोय. तू म्हटलंस, सगळेच स्लॅब गळतेत. मी म्हटलं, दिवाळीला पुन्हा बादली घेऊन निघायचं काय? तू म्हटलंस, पाहू. ते ‘पाहू’ अजून तुझ्या अंगणात पडलं आहे.

तुझं तेरावं झालं आणि वहिनीनं सांगितलं की गाडी द्यायची. मूल गावच्या रस्त्यावर हॉटेल टाकणाऱ्या एका माणसाला ती हवी होती. बाजूला खिडकी कापायची, आत भट्टी मांडायची, समोसे-आलुबोंडे. वहिनीचं आणि आम्हा कंपनीच्या बायांचं कधी फारसं जमलं नाही, तुला माहीत आहे. ती मला ‘विमलबाई’ म्हणायची आणि ‘तुमी’ म्हणायची, आणि त्या ‘तुमी’मध्ये आदर नव्हता, अंतर होतं. गाडी वर्षातले आठ महिने तिच्या अंगणात उभी असायची, पण तिनं कधी तिच्यात पाऊल टाकलं नाही. कारणही मला माहीत होतं. गावात लोक काय बोलत, ते आमच्याही कानावर यायचं. दौलत बायांच्या गाडीत निजते. तुला तिनं कधी विचारलं नाही, तू तिला कधी सांगितलं नाहीस. तुम्ही दोघं नवराबायको कसले, दोन बंद झरोके.

मी तिच्या ओसरीवर जाऊन बसले. सांगितलं की वहिनी, गाडी गेली तर आम्ही पुन्हा गोठ्यात. सुषमा तर येणारच नाही म्हणते, आणि तिचं चुकत नाही. वहिनी तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकत म्हणाली, गळक्या गाडीचं लोणचं घालता काय? मी म्हटलं, छत नीट करून दाखवते. तिनं आणखी दोन खडे वेचले. मग म्हणाली, करा. थेंब आत आला तर त्याच दिवशी हॉटेलवाल्याले बोलावतो. आणि मग वर न पाहता, इथीच करा, माह्या डोळ्यासमोर.

मी सुषमाला बोलावून घेतलं आणि आम्ही कामाला लागलो. वैशाखातलं चंद्रपुरी ऊन तू सोसलंस, आता मी काय सांगू. सकाळी कावळे बोलायच्या आत फळी घेऊन वर चढायचं आणि छत तापायला लागलं की उतरायचं. पहिल्या दिवशी मी लोखंडी खुरपं घेऊन निघाले होते. वहिनी ओसरीवरून म्हणाली, त्यानं फायबर ओरबाडते, बांबूची कामटी घ्या. आणि आतून चिंचेचं पाणी केलेली बादली आणून शिडीपाशी ठेवली. तांब्याची भांडी घासायला करतात तसं. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती म्हणाली, मी काही मदत नाई करून राह्यली, चिंच जास्तीची होती.

मी शिडी चढले. भाऊ, इतक्या वर्षांत त्या छतावर मी पहिल्यांदा पाय ठेवत होते. सूर्य अजून यायचा होता. सगळं छत करडं, खडबडीत, उन्हाळ्यात आटलेल्या बोडीच्या तळासारखं भेगाळलेलं. आणि त्या करड्यामध्ये, पुढच्या झरोक्याला लागून, माणूस मावेल एवढा लांबट पांढरा चौकोन. स्वच्छ. धुळीचा कण नाही. एका कडेला मेणकापडाची चिंधी थरात चिकटून राहिलेली. आणि चौकोनाच्या डोक्याशी एक वीट, सिमेंटच्या थरानं छताला पक्की धरलेली.

मी तिथंच बसले. सुषमा शिडीवरून विचारत होती, ताई, काय झालं. माझ्या तोंडून शब्द निघेना, आणि हे तू पाहायला हवं होतंस, कारण तुझ्या आयुष्यात तू मला गप्प करू शकला नव्हतास.

म्हणजे म्हातारं लांगूर तू होतास. आम्ही झोपलो की तू मागच्या शिडीनं वर जायचास, मेणकापडावर पडायचास आणि झरोक्याशी डोकं करून झोपायचास, म्हणजे कुणी चढलं तर आधी तुझ्याशी गाठ. सांगायचास की मी ट्रकात झोपतो. तू मला वर चढू तरी कसा देणार होतास? इतकी वर्षं तुझ्यासमोर काम केलं, तुझा श्वास कुठं चुकतो ते मला पाठ, आणि तो ‘फुकटचा स्लॅब’ मला अभिनय म्हणून ओळखू आला नाही. की तो तू खरंच मानत होतास? हे एकदा सांगून जायला हवं होतंस. मला दोन्ही शक्य वाटतं.

आणि आता फळी. झरोक्याभोवतीचं सीलंट मी बोटानं तपासलं. मागच्या झरोक्याचं अजून अखंड, रबरासारखं लवचीक. पुढच्याचं तुझ्या बाजूनं सलग फाटलेलं. तिथं छताला बशीसारखा खोलगटपणा आलेला. मला दोनदा बजावणारा तू, स्वतः कधी फळी टाकली नाहीस. फळी टाकली असती तर लाकडाचा आवाज झाला असता आणि वर वांदर नाही हे आम्हाला कळलं असतं, असंच ना? एवढा आडवातिडवा माणूस रोज धप्पकन एकाच जागी बसणार, तर सांधा फाटेल नाहीतर काय. छत गळत होतं ते तुझ्यामुळं. आम्हाला राखता राखता तू आमच्याच डोक्यावर पाणी पाडलंस. सुषमाच्या शालूचा खरा खलनायक तूच निघालास. मला इतकं हसू आलं की फळीवरून तोल जायची वेळ आली, आणि त्याच हसण्यात पुढचं रडूही उरकून घेतलं.

वहिनीनं खालून विचारलं, एवढं हसाले काय झालं? मी म्हटलं, वर येऊन पाहा. ती म्हणाली, माह्यानं शिडी नाई चढवत. मी म्हटलं, भाऊची जागा सापडली. त्यावर ती पदर खोचून चढली.

ती फळीवर ओणवी उभी राहिली. चौकोन पाहिला. वीट पाहिली. मऊ उशीवर तुला झोप येत नसे, घरीही तू उशाला लाकडी पाट घ्यायचास, हे मला तिनंच नंतर सांगितलं. त्या वेळी वाकून तिनं विटेच्या फटीत बोट घातलं आणि आतून काहीतरी ओढून काढलं. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्या, चोळामोळा करून कोंबलेल्या, चांगल्या ओंजळभर.

वहिनीचा चेहरा असा झाला की मी एक पाऊल मागं सरकले.

"पोराच्या लग्नात खर्रा सोडला म्हणून माह्या डोक्यावर हात ठेवला होता यानं."

दौलतभाऊ, मेल्यावरसुद्धा तू पकडला गेलास. तिथं छतावर उभं राहून तिनं तुला जे ऐकवलं ते मी छापण्यासारखं लिहू शकत नाही. तुझ्या तोंडाचा, तुझ्या दातांचा, तुझ्या शपथांचा पार उद्धार झाला. गावातल्या आयाबायांनी तीस वर्षं तुला स्टेजखालून शिव्या दिल्या, पण हा प्रयोग सगळ्यांत रंगला. सुषमा शिडीवर तोंडात पदर कोंबून उभी. मग वहिनीचा आवाज खाली आला. पन्न्या मुठीत तशाच धरून तिनं विचारलं,

"इथीच निजत होता?"

मी म्हटलं, इथंच. ते पोट्टे चढले होते, त्या दिवसापासून. तिला त्या पोट्ट्यांचं माहीत नव्हतं. मी सांगितलं. सुषमानं शिडीवरूनच उरलेलं सांगितलं.

"अन् आत?"

"आत एकदाही नाई, वहिनी. दारात बी खोकल्याशिवाय नाई यायचा."

तिनं मान हलवली. मला वाटलं आता ती बसेल, रडेल, मी हात तयार ठेवला होता. तिनं माझा हात घेतला नाही, माझ्या हातातली कामटी घेतली. सील करायचं तर छत कडेपासून कडेपर्यंत एकसारखं धुवावं लागतं, तिथं तुझी जागा राखून ठेवता येत नाही, हे मला कळत होतं आणि तिला सांगायचं कसं ते कळत नव्हतं. मी एवढंच म्हटलं की वहिनी, हा भाग शेवटी करू, घाई नाही. ती म्हणाली, शेवटी काऊन? आणि चिंचेचं पाणी ओतून तिनं विटेपासूनच सुरुवात केली. वीट सुटायला बराच वेळ लागला. सुटली तशी तिनं ती खाली अंगणात टाकून दिली, जपून वगैरे काही नाही. मग गुडघ्यावर बसून ती जागा तिनं साबणानं घासली, पुसली, पुन्हा घासली. आम्हाला जवळ येऊ दिलं नाही. बाकीच्या छताचा थर आम्ही दोघींनी काढेपर्यंत आठवडा गेला. तुझ्या चौकोनावर मुळात थर नव्हताच, पण तिथं सगळ्यांत जास्त मेहनत झाली.

एक कबूल करते, तू हरलास पण साफ हरला नाहीस. थराखालचं फायबर उन्हापासून वाचलेलं निघालं, खडूसारखी पूड फारशी सुटली नव्हती. स्लॅबनं छत राखलं, सांधे मात्र तडकवले. तू असतास तर यातला पहिला अर्धा भाग गावभर सांगत फिरला असतास. तू नाहीस, म्हणून मी दुसरा अर्धा सांगत फिरते. दोघांचं मिळून खरं होतं.

पुढच्या झरोक्याच्या खोलगट जागेला आधी आतून आधार दिला, मग पहाटेच्या गारव्यात सांधा बुडेपर्यंत सीलंट घातलं. ते धरलं तेव्हा कोटिंगचा पहिला हात, तो वाळल्यावर दुसरा आडवा. मी रोलर फिरवत तुझे सगळे संवाद म्हणत होते, तुझ्या आवाजात, आणि वहिनी खालून सांगत होती की इतका नाई ओरडत होता तो. मी म्हटलं, घरी नसेल.

तपासायच्या दिवशी वहिनी म्हणाली, आत मी बसतो. आम्ही विहिरीवरच्या मोटरचा पाइप वर चढवला आणि छतावर पाणी सोडलं, झरोक्यांवर जास्त. खूप वेळ सोडलं. आतून काही आवाज येईना. मी सुषमाकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. पाणी बंद करून उतरलो तरी दार उघडेना. मी खोकले. आतून कडी निघाली. वहिनी पुढच्या झरोक्याखालच्या खाटेवर बसली होती, मांडीवर हात ठेवून, आणि तिच्या केसांवर, लुगड्यावर, कुठंही थेंब नव्हता. डोळ्यांचं मी सांगत नाही. ती छताकडे पाहत होती, म्हणजे खालून, जिकडून आम्ही रोज पाहायचो.

भाऊ, तुझ्या वाट्याचं एक काम माझ्याकडून राहिलं आहे आणि ते आता होणार नाही. तुला कुणी कधी म्हटलं नाही की तू होतास म्हणून आम्ही झोपलो. आपल्याकडे असं बोलायची रीत नाही, आणि बोलले असते तर तू म्हणाला असतास, संवाद बरा हाय, कोण्या नाटकातला? म्हणून म्हणून टाकते. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत गाढ झोपा मी त्या झरोक्याखाली घेतल्या, वर वांदर आहे असं समजून.

त्याच दुपारी हॉटेलवाला मोटारसायकलवर आला. खिडकी कुठं कापायची ते मोजायला फीतही आणली होती. वहिनीनं त्याला पाणी दिलं, चहा दिला, घरच्या माणसांची विचारपूस केली, आणि कप परत घेताना सांगितलं की गाडी द्याची नाई जी. त्यानं जास्त समजावायचा प्रयत्न केला तेव्हा तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. डोळे वटारायची कला तुझ्या घरात कुणाकडून कुणाकडं गेली होती, ते मला त्या दिवशी कळलं.

तो गेल्यावर ती गाडीच्या पायरीवर येऊन बसली. मी आणि सुषमा आत ब्रश, डबे आवरत होतो. ती आमच्याकडे न पाहता, अंगणाकडे पाहत बोलली.

"विमल, दिवाळीनंतर मले बी याचं हाय तुमच्यासंग. वर कोणी निजणार नाई आता. दाराजवळची खाट माही. ज्याले आत याचं असन त्यानं पह्यले माह्या अंगावर पाय ठेवावा."

तिनं पहिल्यांदाच मला नुसतं विमल म्हटलं होतं. मी काहीतरी मोठं, टाळ्या घेणारं बोलणार होते. त्याआधी सुषमा उठली आणि दाराजवळच्या खाटेवरची आपली पेटी उचलून तिनं आतल्या खाटेवर नेऊन ठेवली.